फादर घडवायला पैसे कोण देतं?

मुळशी तालुक्याची पुण्याकडची बाजू गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलली. हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या, भूगाव-बावधनला सोसायट्या उभ्या राहिल्या आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये कधी वसईचं, कधी गोव्याचं, कधी केरळचं कॅथलिक कुटुंब राहायला आलं. नाताळात करंज्या-केकची देवाणघेवाण होते. नव्या घराला आशीर्वाद द्यायला पांढऱ्या झग्यातले फादर येतात. ते निघून गेले की शेजारपाजारचे हमखास विचारतात : हे फादर होतात कसे? त्याचं कॉलेज असतं का? असलं तर फी किती, आणि ती भरतं कोण?

कॉलेज असतं, त्याला सेमिनरी म्हणतात. मात्र इंजिनिअरिंगच्या फीसारखी फी घरच्यांना भरावी लागत नाही. ती भरणारे लोक बहुधा त्या मुलाला ओळखतही नसतात. हे कसं चालतं, आधी कसं चाललं आणि पुढे कुणी चालवायचं, ते या प्रकरणात पाहू.

१. आधी शिक्षण समजून घेऊ

सेमिनरी ही निवासी संस्था आहे. धर्मगुरू होऊ पाहणारे तरुण तिथे एकत्र राहतात, शिकतात, प्रार्थना करतात. त्यांना सगळे ‘ब्रदर’ म्हणतात.

ब्रदर दोन प्रकारचे असतात. काही जण एखाद्या धर्मप्रांतासाठी, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागासाठी तयार होतात. मुळशी तालुका पुणे धर्मप्रांतात येतो. काही जण जेझुइटांसारख्या एखाद्या संन्यस्त संघात जातात, आणि मग त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी तो संघ घेतो. आपण मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलतो आहोत, कारण खर्चाचा प्रश्न तिथेच जास्त बिकट असतो. धर्मप्रांत गरीब असेल तर त्याचे ब्रदरही गरिबीतच शिकतात.

चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) मिळून पूर्ण सहा वर्षांचा अभ्यास लागतो. साधारण दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान. त्याआधी पूर्वतयारी असते. अनेक ठिकाणी विद्यापीठाची पदवीही आधी घ्यावी लागते. मध्ये एक वर्ष पुस्तकं बाजूला ठेवून एखाद्या धर्मग्रामात (एका स्थानिक चर्चच्या विभागात), शाळेत किंवा वसतिगृहात काम करावं लागतं. शेवटी मुलगा डीकन, म्हणजे उपयाजक होतो आणि किमान सहा महिन्यांनी त्याला गुरुदीक्षा मिळते. दीक्षेच्या वेळी वय निदान पंचवीस हवं. बारावीनंतर निघालेल्या मुलाची आठ-दहा वर्षं यात सहज जातात.

तत्त्वज्ञान कशाला, असं कुणी विचारेल. पण लोकांच्या मरणाच्या, घटस्फोटाच्या, कर्जाच्या वेळी ज्याच्याकडे धाव घेतली जाते, त्याला फक्त मंत्र पाठ असून भागत नाही. त्याला ग्रीक विचारवंत शिकवतात तशी भारतीय दर्शनंही शिकवतात. रविवारी त्याला वस्त्यांत, इस्पितळांत पाठवतात. आजाऱ्याच्या खाटेशी बसून गप्प ऐकणं हाही अभ्यासाचाच भाग आहे. माझ्या मते तो सगळ्यात अवघड आहे.

२. मुळशीहून रामवाडीपर्यंत

अशी मोठी सेमिनरी बघायला लांब जावं लागत नाही. पौड रस्त्याने पुण्यात शिरलं की वनाज स्टेशन लागतं. तिथून मेट्रोत बसायचं आणि त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, रामवाडीला उतरायचं. नगर रस्त्याच्या या भागात ‘पेपल सेमिनरी’ आहे आणि शेजारी ‘ज्ञानदीप विद्यापीठ’. ब्रदर सेमिनरीत राहतात आणि वर्गासाठी विद्यापीठात जातात. तिथे संन्यस्त संघांचे विद्यार्थी, सिस्टर्स आणि सामान्य संसारी माणसंही शिकतात. पेपल सेमिनरी एकट्या पुण्याची नाही. देशभरातले धर्मप्रांत आपली मुलं तिथे पाठवतात, आणि ती चालवण्याचं काम जेझुइटांकडे आहे.

ही संस्था मुळात पुण्यातली नाही. ती १८९३ साली श्रीलंकेत, कँडीला सुरू झाली आणि १९५५ साली पुण्यात आली. ती का सुरू झाली आणि कुणाच्या पैशावर, हे कळलं की खर्चाचा सगळा प्रश्न उलगडतो.

३. ज्याच्या तिजोरीतून खर्च, त्याच्या हातात दार

थोडं मागे जाऊ. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत चर्चचा खर्च राजा उचलत असे, आणि त्या बदल्यात बिशप कोण व्हावेत हेही राजाच सुचवत असे. रायतूरची सेमिनरी त्या काळातली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरलाच छापलं गेलं. एक इंग्रज धर्मगुरू इथल्या लोकांसाठी मराठीत ओव्या रचत होता. इथल्या माणसाला धर्मगुरू होणं मात्र तितकं सोपं नव्हतं.

गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रु हा ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती तरुण. त्याला दीक्षा द्यायला गोव्याच्या आर्चबिशपांनी नकार दिला. तो थेट रोमला गेला. तिथे १६२२ साली धर्मप्रसाराचं एक वेगळं खातं सुरू झालं होतं. पोर्तुगालच्या राजाच्या मुठीतून मिशनचं काम सोडवावं, असं त्या खात्याला वाटत होतं. त्याने मातेउशला आधार दिला, त्याला दीक्षा मिळाली आणि १६३७ साली तो बिशप झाला आणि मग परतला. त्याचं क्षेत्र होतं आदिलशाहीचा मुलूख, म्हणजे आपलाच दख्खन.

गोव्यात जो माणूस नालायक ठरला, तो रोममध्ये बिशप व्हायला लायक ठरला. माणूस तोच होता. बदलला होता तो आधार देणारा हात. सेमिनरीला कोण पोसतं, हा प्रश्न म्हणूनच केवळ जमाखर्चाचा नाही. आत कुणाला घ्यायचं, कोणत्या भाषेत शिकवायचं आणि तयार झालेला फादर कुठे पाठवायचा, या सगळ्यावर त्याची छाया पडते.

आता १८८६ सालात येऊ. त्या वर्षी पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप बर्नहार्ड बायडरलिंडन हे जर्मन जेझुइट. नगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांतून काम करणारेही बहुतेक जर्मन जेझुइटच. ते मराठी मन लावून शिकले. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं आणि १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. कामात खोट नव्हती, पण सगळी मदार समुद्रापलीकडून येणाऱ्या माणसांवर होती.

हा धोका पोप तेरावे लिओ यांनी आधीच ओळखला होता. जून १८९३ मध्ये त्यांनी जगभरच्या कॅथलिकांना एक पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा : भारतात परदेशी फादर कमी पडतात, इथली भाषा आणि चालीरीती त्यांना पूर्ण कळत नाहीत, आणि उद्या काही कारणाने त्यांना देश सोडावा लागला तर लोक पोरके होतील. म्हणून भारतीय फादर तयार झाले पाहिजेत, त्यांच्यासाठी सेमिनरी पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारा पैसा इथल्या गरीब ख्रिस्ती लोकांना झेपणारा नाही, म्हणून युरोपने हात सैल सोडावा. कँडीची सेमिनरी त्याच वर्षी सुरू झाली.

पोपची भीती पुण्याने वीस-बावीस वर्षांत अनुभवली. पहिलं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने जर्मन जेझुइट शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवलं आणि पुढे मायदेशी धाडलं. नगरकडच्या खेड्यांत ज्यांनी शाळा काढल्या, आजाऱ्यांना पाहिलं, मराठीत प्रवचनं केली, ती माणसं एकाएकी निघून गेली. त्यांची जागा घ्यायला पुरेसे भारतीय फादर तयार नव्हते. पुण्याला पहिला भारतीय बिशप मिळायला १९४९ साल उजाडावं लागलं. त्यांचं नाव अँड्र्यू डिसूझा. धर्मप्रांताच्या स्थापनेपासून तोवर त्रेसष्ट वर्षं गेली होती.

कँडीच्या सेमिनरीने मात्र आपलं काम केलं. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस तिथेच शिकले होते. ते १९५३ साली कार्डिनल झाले. तोवर श्रीलंका स्वतंत्र होऊन वेगळा देश झाला होता आणि भारतीय मुलांनी शिकायला तिकडे जाणं कटकटीचं झालं होतं. त्यामुळे १९५५ साली सेमिनरीच पुण्यात आली.

४. पैसा येतो कुठून

पहिली वाट जुनी आहे. १५ जुलै १५६३ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी असा ठराव केला, आणि तिथेच खर्चाची तजवीजही सांगून टाकली : बिशपच्या स्वतःच्या उत्पन्नापासून मठांच्या मिळकतीपर्यंत सगळ्यांतून काही हिस्सा कापून घ्यावा. नुसता उपदेश न करता पैशाची वाट दाखवली, ही त्या ठरावातली मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. चर्चच्या आजच्या कायद्यातही ती शिल्लक आहे. बिशपांना सेमिनरीसाठी धर्मप्रांतातल्या धर्मग्रामांवर आणि संस्थांवर कर बसवता येतो. तो सगळ्यांना लागू हवा, ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात हवा आणि सेमिनरीच्या गरजेइतकाच हवा. जी संस्था केवळ भिक्षेवर जगते तिला तो माफ आहे.

दुसरी वाट फ्रान्समधून निघाली. १८८९ साली जपानमधल्या नागासाकीच्या बिशपांनी एका फ्रेंच मायलेकीला पत्र लिहिलं. शिकायला मुलं तयार आहेत, पण पोसायला पैसे नाहीत म्हणून त्यांना परत पाठवावं लागतं, असं त्यात होतं. स्टेफनी बिगार आणि तिची मुलगी जान या त्या दोघी. त्यांनी स्वतःचं होतं ते दिलं, लोकांकडून गोळा केलं आणि दूरदेशीच्या सेमिनरींसाठी ‘संत पीटर प्रेषित’ नावाची संस्था उभी केली. १९२२ साली पोपनी ती आपल्या छत्राखाली घेतली. आजही गरीब धर्मप्रांतांच्या सेमिनरींना या संस्थेमार्फत दरवर्षी मदत मिळते, आणि ती गोळा होते जगभरच्या चर्चमधल्या छोट्या-छोट्या दानांतून. या मायलेकींनी दूरदेशीच्या कुण्या अनोळखी मुलाचं जेवण आपलं मानलं, आणि त्यातून एवढं मोठं काम उभं राहिलं.

तिसरी वाट घरगुती आहे. चर्चच्या पंचांगात पुनरुत्थानकाळाचा, म्हणजे ईस्टरपासूनच्या काळाचा, चौथा रविवार हा पाचारणाचा, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या हाकेचा दिवस. १९६४ पासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशी प्रार्थना होते आणि पुष्कळ ठिकाणी सेमिनरीसाठी दानही गोळा होतं. याशिवाय कुणी आईच्या स्मरणार्थ एका ब्रदरचा वर्षाचा खर्च देतं, कुणी शेतातला तांदूळ पाठवतं.

५. एका ब्रदरचा हिशेब

खर्च किती, हे डोळ्यांपुढे यावं म्हणून सोपे आकडे घेऊ. हे आकडे कुठल्या संस्थेचे नाहीत, फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.

समजा एका ब्रदरमागे महिन्याला १५ हजार रुपये लागतात. यात तांदूळ, डाळ, भाजी, गॅस, वीज, शिक्षकांचा आणि स्वयंपाक्यांचा पगार, पुस्तकं, औषधपाणी सगळं आलं. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. आठ वर्षांचे १४ लाख ४० हजार.

आता दहा मुलं एकदम निघाली आणि त्यातली चार जण चार वर्षांनी बाहेर पडली असं धरू. सहा जणांचे ८६ लाख ४० हजार आणि चार जणांचे २८ लाख ८० हजार, एकूण १ कोटी १५ लाख २० हजार. फादर झाले सहा. म्हणजे एका फादरमागे प्रत्यक्षात १९ लाख २० हजार लागले.

बाहेर पडलेल्या चौघांवरचा खर्च वाया गेला, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. सेमिनरी मुलाला पारखते तशी मुलालाही स्वतःला पारखायला वेळ देते. ज्याचा तो रस्ता नाही त्याने बाविसाव्या वर्षी निघून जावं, हे त्याने चाळिसाव्या वर्षी मन मारत वेदीवर उभं राहण्यापेक्षा शंभरपट बरं. चांगली सेमिनरी मुलाला निघून जायचा मोकळेपणा देते, आणि त्या मोकळेपणालाही पैसे लागतात. देणगीदाराने ‘माझ्या पैशावर शिकलेला मुलगा फादर झालाच पाहिजे’ असा हट्ट धरला, तर तो त्या मुलाच्या मनावर ओझं टाकतो.

६. कायम ठेवीचं गणित

दरवर्षी दारोदार फिरायला नको म्हणून सेमिनरी कायम ठेव ठेवतात. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर एक विद्यार्थी शिकवायचा. ऐकायला सोपं वाटतं. वर्षाला १ लाख ८० हजार हवेत आणि बँक ७ टक्के व्याज देते, तर पावणेसव्वीस लाखांच्या आसपास ठेव पुरेल, असा हिशेब कुणीही करेल.

हा हिशेब चुकीचा आहे. मुळशी-मावळातला भातकरी आंबेमोहराचं पीक घरात आलं की पुढच्या सालाचं बियाणं आधी बाजूला काढतो, मग उरलेलं खातो. ठेवीच्या व्याजाचंही तसंच करावं लागतं. महागाई वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते असं धरा. मग ७ टक्के व्याजातले ५ टक्के पुन्हा मुद्दलात घालावे लागतात, आणि खर्चाला उरतात फक्त २ टक्के. वर्षाला १ लाख ८० हजार हवे असतील तर ठेव हवी ९० लाखांची. तपासून पाहा : ९० लाखांवर ७ टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार. त्यातले साडेचार लाख मुद्दलात परत गेले, उरले १ लाख ८० हजार.

आजोबांच्या काळात ज्या ठेवीवर एक मुलगा वर्षभर शिकायचा, तिच्या व्याजात आज त्याचा महिनाभराचा किराणाही कसाबसा येतो, त्यामागे हेच गणित आहे. देणाऱ्याची नियत मोठी होती, पण महागाईचा हिशेब कुणी धरला नव्हता. ज्यांना मोठी रक्कम द्यायची आहे त्यांनी संस्थेला हे विचारायलाच हवं : व्याजातलं किती मुद्दलात परत जातं?

७. परदेशी पैसा आणि आपला कायदा

युरोपातली चर्चं रिकामी होत आहेत. तिथून येणारी मदत उद्या किती राहील, यावर कुणी इमले बांधू नयेत. भारतीय कायदाही कडक झाला आहे. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

इथे एक बारकावा आहे. हिंजवडीतल्या कुणाचा भाऊ अमेरिकेत असेल, पासपोर्ट भारतीय असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दान दिलं, तर ते परदेशी देणगीत मोडत नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर मोडतं. अनेक घरांत एक भाऊ इकडचा आणि एक तिकडचा असतो, म्हणून पैसे पाठवण्याआधी हे तपासावं.

८. द्यायचं असेल तर

आधी संस्थेची नोंदणी विचारा. महाराष्ट्रातला सार्वजनिक विश्वस्त निधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. करसवलत मिळते का, हेही विचारा. निव्वळ धार्मिक हेतूच्या संस्थेला दिलेल्या दानावर ती सहसा मिळत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी देणार असाल तर आधीच खात्री करून घ्या.

मग ठरवा कशासाठी द्यायचं. नव्या इमारतीवर नाव कोरलं जातं, म्हणून इमारतीला पैसे लवकर मिळतात. डाळीवर, विजेच्या बिलावर, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईंच्या पगारावर कुणाचं नाव कोरत नाहीत. खरी ओढाताण तिथेच होते. दरवर्षी थोडी, पण न चुकता येणारी रक्कम सेमिनरीला जास्त उपयोगी पडते, कारण त्यावर पुढच्या वर्षीचा खर्च ठरवता येतो.

आणि एका खर्चाची मी आवर्जून शिफारस करीन. पुण्यात शिकणारे अनेक ब्रदर महाराष्ट्राबाहेरचे, शिक्षण इंग्रजीत. पण जो पुढे नगरच्या खेड्यात किंवा पुण्याच्या वस्तीत राहणार, त्याला मराठी नुसती बोलता येऊन पुरणार नाही. शोकाकुल घरात काय बोलावं आणि काय बोलू नये, हे भाषेच्या आतूनच कळतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना १९७२ साली गुरुदीक्षा मिळाली. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईच्या मातीत वाढलेल्या त्या मुलाला मराठी घरातच मिळाली होती. झारखंडहून किंवा केरळहून आलेल्या ब्रदरला ती शिकवावी लागेल. त्यासाठी चांगला मराठी शिक्षक, मराठी ग्रंथांनी भरलेलं कपाट आणि सुट्टीत एखाद्या मराठी कुटुंबात राहण्याची सोय हवी. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागतात. तिसरीसाठी पिरंगुटच्या एखाद्या घरात महिनाभर एक पान जास्त वाढलं की झालं, आणि ते घर ख्रिस्तीच असलं पाहिजे असंही नाही.